एकेकाच्या नावानं एक हळकुंड

माय, तुझ्या पणतीला ‘किती’ हा शब्द ऐकला की रडू यायचं, तिथपासून सांगते. तू गेलीस तेव्हा माझा लेक दहावीला होता. आता त्याची लेक साडेचार वर्षांची आहे आणि हिंगोलीत ज्युनियर केजीत जाते. तुला कळेल असं सांगायचं तर आमच्या अंगणवाडीसारखंच असतं ते, फक्त बूट-मोजे घालून जायचं. पोरगी दिसायला माझ्यावर गेली म्हणतात, पण हट्ट सगळा तुझा घेतलाय. मी साठीला टेकले. अंगणवाडीतून मोकळी होऊन दोन वर्षं झाली, आणि जन्मभर रजिस्टरं भरून भरून माझं लिहिणं हे असं शहाण्यासारखं झालंय, तू ऐकलं असतंस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. बोलायला लागले की मात्र अजून आपलीच बोली येते.

तर हे लेकरू शंभरापर्यंत घडाघडा म्हणायचं, तेही इंग्रजीत. पाहुणे आले की सून तिला मधोमध उभी करायची, वन टू थ्री सुरू व्हायचं, आणि हंड्रेड आलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सून गुणाची आहे हे आधीच सांगून टाकते, न्हाईतर तुला वाटेल मी सासूसारखी बोलून राहिले. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला जाते. दिवसभर उभी असते, आणि संध्याकाळी पर्स खुंटीला लावते न लावते तोच पोरीला घेऊन बसते. भिंतीवर आकड्यांचे तक्ते, मोबाइलवर आकड्यांचे खेळ, वहीत ओळीनं काढलेली बदकं. एकदा मी सहज पोरीला म्हटलं, बाई, मला पाच चमचे आणून दे. तिनं मूठ भरून चमचे आणले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी तेव्हाच ओळखलं. तिला शंभर म्हणता येत होतं, पण पाच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मी हेच बघत आले होते, तरी गप्प बसले, कारण सुनेच्या कामात नाक खुपसायचं नाही असं लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं.

मग शाळेच्या डायरीत मॅडमनी लिहून पाठवलं की हिला वस्तू मोजता येत नाहीत, दीड महिन्यानं पुन्हा बघू, जमलं नाही तर याच वर्गात आणखी एक वर्ष बसवावं लागेल. सुनेच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या संध्याकाळी बदकांची वही निघाली. हाऊ मेनी, किती आहेत, नीट बघ, किती आहेत. पोरगी म्हणाली चार. मग म्हणाली सात. मग आईच्या चेहऱ्याकडे बघत एकेक आकडा बोलत गेली, कुठला आकडा घेतला की आईचा चेहरा सैल पडतो ते शोधत. आणि सुनेचा हात उठला. एकच चापट, तीही फार जोराची नव्हती. नंतर सूनच ओट्याजवळ तोंड फिरवून रडत होती. पण त्या दिवसापासून लेकरू पार बिथरलं. ‘किती’ म्हटलं की ओठ थरथरायला लागायचे. सकाळी शाळेच्या ऑटोचा हॉर्न वाजला की कपाटामागं जाऊन बसायची. हंड्रेडसुद्धा बंद झालं. लेकरू एक वर्ष मागं राहिलं असतं तर काही बिघडणार नव्हतं, माय. पण मला येतच नाही, हे साडेचार वर्षांच्या जिवाच्या मनात एकदा रुतून बसलं की ते जन्मभर निघत नाही. असली पोरं मोठी होऊन आपल्या लेकरांना अंगणवाडीत सोडायला आलेली मी पाहिली आहेत. त्यांना फॉर्मवर वय लिहायचं म्हटलं तरी घाम फुटतो.

मी म्हटलं, आता हे माझं काम. सुनेला सांगितलं, दीड महिना तू हिच्या अभ्यासाला हात लावायचा नाही. माझ्या तालुक्यात मला मानत होते, हे तुला माहीतच आहे. ट्रंकेतून चिंचोके काढले, बाटल्यांची बुचं काढली, रंगीत काड्या काढल्या, आणि मोठ्या ऐटीत सतरंजी अंथरून बसले. पोरीनं त्या पसाऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, आजी, मला झोप येऊन राहिली. नुकतीच दुपारची झोप काढून उठली होती. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं, तिसऱ्या दिवशी डोळ्यात काहीतरी गेलं. आठ दिवस असेच गेले. दुसऱ्यांची शेकडो पोरं मी मोजायला शिकवली आणि घरचं पोरगं चिंचोके बघून पळून जातं. मला माझाच राग आला. त्या रागात एक दिवस सगळी बुचं गोळा करून कचऱ्यात टाकली, आणि नंतर गुपचूप परत काढून धुऊन ठेवली.

मग गावाकडून हळद आली. दादा दरवर्षी घरापुरती पाठवतो, नवी, पॉलिश न केलेली. गच्चीवर धोतर पसरून मी ती निवडत बसले होते. त्या रविवारी सुनेचे आईवडील जेवायला यायचे होते. पोरगी जवळ लुडबुडत होती. आणि माय, मी काही विचार करून बोलले नाही. माझ्या तोंडून तुझं वाक्य आलं. जसंच्या तसं. मी म्हटलं, “जा, आज जेवायला जे जे हायेत, त्यांच्या एकेकाच्या नावानं एक हळकुंड उचलून आण.”

तू पुसेगावच्या शेतातल्या आपल्या आखाड्यावर मला हेच सांगायचीस. हळद काढायचे दिवस. शेतात बायामाणसं खणायला आलेली, खाली काहिलीत हळद शिजते आहे, डोळ्यांत धूर, आणि तू छपरीत काटवट घेऊन बसलेली. मी चार-पाच वर्षांची असेन. माणसं मोजायची नाहीत हा तुझा कायदा होता. मोजली की नजर लागते. भाकरी मोजायच्या नाहीत, गुरं मोजायची नाहीत, लेकरं तर नाहीच नाही. मग भाकरी करायच्या कशा? तू मला शेतात धाडायचीस. मी प्रत्येकाजवळ जाऊन त्याच्या नावानं एक हळकुंड परकराच्या ओच्यात टाकायची आणि येऊन तुझ्या काटवटीशेजारी ओळीनं मांडायची. तू एकेक हळकुंड बघून पिठाचे उंडे ठेवायचीस. याला दोन, हिला दोन. ह्या म्हातारीला दात न्हाईत, एक बास. ही अंगावर पाजती, हिला तीन ठेव. मी ठेवायची. कोण जेवून गेलं की त्याचं हळकुंड बाजूला व्हायचं. शेवटी एखादं उरलं की तू म्हणायचीस, कोणीतरी उपाशी हाय, जा हाक मार. आणि खरंच कोणीतरी बांधापलीकडं राहिलेलं असायचं. आता मी डोळे मिटले की मला ती ओळ दिसते. तुझा पिठाचा हात त्या ओळीवरून फिरतो आहे, तव्यावर भाकरी फुगते आहे, आणि तू एकही आकडा बोलत नाहीस.

आकडे मला शाळेनं दिले. पहिलीत गेले, गुरुजींनी वीसपर्यंत शिकवलं, आणि मी जे दिसेल ते मोजत सुटले. तुला आठवतो तो दिवस? आपल्याकडे सालानं राहणारा तो उंच माणूस दुपारी जेवायला बसला होता. दिवसभर काहिलीपाशी राबलेला. मी समोर उकिडवी बसून त्याच्या ताटाकडे बघत मोठ्यानं म्हटलं, पाच. तू पुढची भाकरी टाकलीस. मी म्हटलं, सहा. त्याचा हात घासासहित थांबला. हातातला तेवढा घास खाल्ला, उरलेली भाकरी ताटात तशीच ठेवली, पोट भरलं वहिनी, म्हणाला आणि हात धुऊन उठला. मला वाटलं तू आता मला चुलीतल्या लाकडानं मारणार. तू मारलं नाहीस. ते ताट झाकून ठेवलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “अंक शिकलीस, बरं झालं. पण ते कुठं बोलावं न्हाई, हे तुला कोण शिकवंल? गुरुजी?” दुसऱ्या दिवशी फडक्यात भाकरी बांधून तू मलाच त्याच्याकडे धाडलंस. तो जेवेपर्यंत तिथं थांबायचं, पण पाठ करून उभं राहायचं, असं बजावलंस. मी उन्हात त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. त्यानं किती खाल्ल्या ते मला आजतागायत माहीत नाही, शपथ.

हे सगळं गच्चीवर एका दमात आठवलं असं नाही. तेव्हा मी फक्त पोरीकडे बघत होते. ती हळदीच्या ढिगाजवळ बसली. ‘किती’ कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे भ्यायचं काही कारण नव्हतं. हे पप्पाचं, हे मम्मीचं, हे आजीचं, हे दुसऱ्या आजीचं, हे आजोबाचं जाडं, हे माझं बारीक. आणि शेजारच्या मांजरीच्या नावानं एक तुकडा. फ्रॉकच्या ओच्यात घेऊन खाली पळाली, ओट्यावर ओळ मांडली, आणि आम्ही प्रत्येक हळकुंडापुढे एकेक ताट ठेवलं. मांजरीपुढे बशी. बराबर झालं. तिनं स्वतःच दोनदा तपासलं. दुसऱ्या सकाळी ऑटोचा हॉर्न वाजला तेव्हा ती कपाटामागं गेली नाही.

त्याच दिवशी मी घरात कायदा काढला की ‘किती’ हा शब्द बोलायचा नाही. सुनेला धक्का बसला. ती म्हणाली, आई, शाळा आकडे विचारणार आहे, आणि तुम्ही आकडेच बंद करता? मी म्हटलं, येतील, आधी वस्तूंशी तिची सोयरीक होऊ दे. आखाड्यावरची तुझी हळकुंडांची ओळही तिला सांगितली. माझा लेक तर रोज चुकायचा. बूट घालता घालता ओरडायचा, किती वाजले, की मी स्वयंपाकघरातून डोळे वटारायची. मग बिचारा वेळ काय झाली म्हणायला शिकला. सून मनातून धास्तावलेली होती. कॅलेंडरवर तिनं मॅडमनी दिलेल्या तारखेला गोल केला होता आणि येता-जाता ती त्या गोलाकडे बघायची. पण शब्द तिनं पाळला, आणि तेवढ्यासाठी मी तिला जन्मभर मानीन.

आम्ही दोघींनी मग घरभर एकाला एक लावलं. कपाला बशी, बशी उरली की कोणता कप उघडा राहिला ते शोधायचं. चपलांच्या जोड्या. पप्पाला पोळीचे तीन उंडे, मम्मीला दोन, आणि आजारी पडून चार दिवस आमच्याकडे राहायला आलेल्या सुनेच्या वडिलांना एकच, पण तूप लावून. हे तुझ्याकडचंच होतं. कोणाला जास्त आणि कोणाला कमी हे का, ते पोरीला लगेच कळायचं, त्याला तक्ता लागत नव्हता. तीन आठवडे झाले तरी तिनं आकडा तोंडातून काढला नव्हता. मीही काढला नाही. खोटं कशाला बोलू, चौथ्या आठवड्यात माझाही धीर थोडा सुटायला लागला होता, पण सुनेसमोर मी ताठ मानेनं फिरायची.

एका रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर दोरीला कपडे वाळत घालत होतो. एका कपड्याला दोन चिमटे, हे तिचं काम. कपडे संपले आणि तिच्या टोपलीत चिमटे उरले. ती त्यांच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “आजी, हे लई उरले. किती उरले?” मी दोरीवरचा शेवटचा शर्ट सारखा करत होते, तो तसाच हातात धरून उभी राहिले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. म्हटलं, मला काय माहीत बाई, तूच बघ. तिनं टोपली उपडी केली. एकेका चिमट्यावर बोट ठेवलं, बाजूला सारला, पुढच्यावर बोट ठेवलं. वन, टू, थ्री. मधे एक चिमटा दोनदा धरला, थांबली, आपल्या मनानं परत पहिल्यापासून केलं. इलेव्हन, म्हणाली, आणि टोपली भरून खाली गेली. माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. मी शर्टात तोंड घालून रडले, माय, अगदी हुंदका देऊन, आणि मग तोच शर्ट परत धुवावा लागला.

तेव्हा मला कळलं की तू माझ्यासाठी काय केलं होतंस. तुला ते ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही, उगाच तुला मोठेपण कशाला देऊ. तुला नजरेची भीती होती, बस्स. पण त्या भीतीपायी तू मला दोन वर्षं आकड्याशिवाय हिशेब करायला लावलंस. शाळेत गुरुजींनी पाच म्हटलं तेव्हा माझ्यापाशी त्या पाचात बसवायला माणसं होती, कोण म्हातारी, कोण पाजणारी. म्हणून मला गणित कधी जड गेलं नाही. मला मात्र वाटायचं की मी तुझ्यामुळे नव्हे, तुला चुकवून शिकले.

मॅडमनी दिलेल्या दिवशी आम्ही तिघी शाळेत गेलो. आणखीही पालक बसलेले होते. मॅडमनी टेबलावर लाल मणी टाकले आणि विचारलं, हाऊ मेनी? सुनेनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. पोरगी अजून मण्यांकडेच बघत होती. मॅडमनी परत विचारलं. पोरीनं मणी आपल्याकडे ओढले, एकेक करून टेबलाच्या दुसऱ्या कडेला नेऊन ठेवला, सगळे तिकडे गेल्यावर म्हणाली, नाइन. मॅडमनी मुद्दाम भुवया उंचावल्या, नक्की का, असं. मी हे जाणते, मीही तसंच करायची. पोरीनं मॅडमच्या भुवयांकडे न बघता मण्यांकडे बघितलं आणि म्हणाली, नाइनच हायेत. मॅडम हसल्या. पुढच्या वर्गात जाईल म्हणाल्या. सुनेनं तिथंच पोरीला उचलून घेतलं.

मग मॅडम मला म्हणाल्या, आजी, तुम्ही काय केलं ते या पालकांना जरा सांगा ना, यांच्याही घरी हीच तकलीफ आहे. बोलायला मी कधी घाबरत नाही. उभी राहिले. हळकुंडं सांगितली, ताटं सांगितली, ‘किती’ बंद केलं ते सांगितलं. सगळे मन लावून ऐकत होते. एका बापानं विचारलं, हे तुम्ही कुठं शिकलात? आणि माय, माझं तोंड आपल्या जुन्या वाटेनं चालायला लागलं. तीस वर्षं मी प्रशिक्षणांमधे तुझा एक किस्सा सांगत आले होते, सभा जरा पेंगायला लागली की हमखास. माझी आई अडाणी, भाकरी मोजू द्यायची नाही, मोजलं की भूत खाऊन जाईल म्हणायची, म्हणून मी चुलीमागं लपून मोजायला शिकले. भुताचं तू कधी बोलली नव्हतीस. चुलीमागं मी कधी लपले नव्हते. ते मी हशासाठी घातलं होतं, पहिल्या की दुसऱ्या वर्षी. हे सगळं मी त्या दिवशी पुन्हा सांगितलं, आवाज बदलून, पदर ओढून तुझी नक्कल करून. आणि लोक हसले. मॅडमसुद्धा हसल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, बघा, अशा घरातूनसुद्धा किती हुशार बाई तयार झाली.

परत येताना ऑटोत पोरगी मधे बसून रस्त्यावरच्या म्हशी मोजत होती. सून बाहेर बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, हळकुंडाचं तर तुमच्या आईंनीच शिकवलं ना तुम्हाला? मग तुम्ही असं काहून सांगितलं?”

मी म्हटलं, ऊन फार झालंय, पडदा ओढ.

आज दुपारी पोरगी झोपली आहे म्हणून हे लिहायला बसले. हे कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. मॅडमनी पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय, या वेळी सगळ्या वर्गांच्या पालकांपुढे. मी येते म्हणून सांगितलं आहे. काय बोलायचं ते सकाळपासून मनात जुळवते आहे, तुझं नाव घ्यायचं, खरं तेवढंच सांगायचं, असं पक्कं ठरवलं आहे. पण तुझ्यापासून काय लपवू. त्या दिवशी लोक हसले तेव्हा मला लाज वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं.